एक खण जास्त

१

तपासनीस रोज सकाळी दहाला रेकॉर्ड-खोलीचं कुलूप काढत, खिडकी अर्धी ढकलत, टेबलावरची धूळ रुमालानं झटकत आणि मग झेबू चालू करत. झेबू म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं घरगुती यंत्र. एके काळी दर तिसऱ्या घरात दिसायचं. चालू केलं की ते टिंग-टाँग वाजे. झेबू बनवणाऱ्या कंपनीच्या मालकांचा मूळ धंदा दारावरच्या घंटांचा. पहिलं यंत्र तयार झालं तेव्हा घंटांचे सुटे भाग गोदामात पडून होते, तेच आत बसवले. अजूनही तो आवाज ऐकला की खोलीतलं कुणीतरी नकळत दाराकडे बघतंच.

यंदा झेबूची चाळिशी. कंपनी कधीच बुडाली होती, पण तिचं नाव दुसऱ्यांनी विकत घेतलं होतं आणि त्यांना जुन्या खेळांसह एक छोटं यंत्र आणि जोडीला जाडजूड इतिहास बाजारात आणायचा होता. लिहायला जुन्यांपैकी कोण उरलंय, अशी शोधाशोध झाली. मालक गेले होते, कारखान्याचे मुकादम गेले होते, पहिलं यंत्र जुळवणारे दोघं भाऊही गेले होते. उरले हे तपासनीस; त्यांना नव्या मालकांनी जुन्या कागदांची ही खोली दिली. इतिहास शेवटी उरलेल्याच्याच हाती लागतो, आणि तो उरलेला कसा आहे हे विचारायची पद्धत नाही.

त्यांनी एकच अट घातली. पहिल्या पानावर, एकट्या ओळीत, ठळक अक्षरात त्यांचं नाव हवं. सव्वीस वर्षं नोकरी करून ते कुठंही छापून आलं नव्हतं. नातलगांत कुणी विचारलं की "झेबूत होतो" म्हणायचं आणि समोरच्यानं "म्हणजे दुरुस्तीला का?" असं विचारायचं, हे त्यांना फार लागे. आता मुलीच्या हातात पुस्तक द्यायचं, पहिलं पान उघडून. एवढीच इच्छा होती, आणि ती काही वाईट नव्हती.

त्या सोमवारी संपादकबाई पहिल्या प्रकरणाची प्रुफं घेऊन आल्या. वयानं त्यांच्या मुलीएवढ्या, बोलायला गोड. तपासनीसांनी चष्मा लावून पहिलं पान पाहिलं. ओळ होती, पण नाव नव्हतं. "लेखक" हा शब्द, पुढे मोकळी जागा, आणि मग पूर्णविराम.

"छपाईवाल्यांनी खाल्लं वाटतं," ते म्हणाले.

"काय, सर?"

"माझं नाव."

बाईंनी वाकून पाहिलं. "आहे की," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे." आणि पान उलटलं.

तपासनीसांनी चष्मा पुसला. डोळे दाखवून घ्यायला हवेत, असं त्यांच्या मनात आलं.

२

इतिहास लिहिताना त्यांना मजा येत होती, हे कबूल करायला हवं. झेबू एक, लाकडी पट्टीची. झेबू दोन, जिच्यासाठी दुकानांपुढे रांगा लागल्या. जोडझेबू, जिच्यात भावंडांना एकत्र खेळता येई आणि घरोघरी भांडणं लागत. आणि शेवटची महाझेबू, जी विकत घ्यायला कुणी उरलंच नाही. या सगळ्यात तपासनीसांचं काम काय होतं, ते मात्र त्यांनी चारच ओळींत उरकलं होतं.

काम असं होतं. खेळात कुणी स्वतःचं नाव घालायचं नाही, हा मालकांचा कडक नियम. नाव बाहेर कळलं की दुसरी कंपनी माणूस पळवणार, ही धास्ती. पण सहा सहा महिने डोळे फोडून लिहिलेल्या खेळात, एखाद्या भिंतीमागे, एखाद्या ढगाच्या पोटात, लिहिणारा आपलं नाव दडवायचाच. ते हुडकायचं काम तपासनीसांचं. खेळ कार्ट्रिजवर, म्हणजे यंत्रात खोचायच्या डबीवर, चढायच्या आधी सगळा प्रोग्राम कागदावर छापून ते लाल पेन्सिल घेऊन बसत. सापडलेलं नाव काढून टाकायचं नसे, कारण मेमरीतला एक खण जरी कमी झाला तरी पुढचं सगळं सरकतं आणि खेळ कोसळतो. अक्षर पुसायचं, जागा तेवढीच ठेवायची. सात खणांचं नाव असेल तर सात रिकामे खण. खेळणाऱ्याला भिंत दिसे, भिंतीवर काही होतं हे कळतही नसे. ऑफिसात त्यांना कात्री म्हणत. त्यांना ते कौतुक वाटे.

"'भुयार'चं प्रकरण वाचलं, सर," बुधवारी संपादकबाई म्हणाल्या. "झेबू दोनचा सगळ्यात मोठा खेळ. लाखो कार्ट्रिज परत आल्या आणि तिथून कंपनी घसरली. पण तुम्ही नुसतं लिहिलंय, 'एका प्रोग्रामरच्या निष्काळजीपणामुळे'. कोण होतं ते?"

"होती एक मुलगी. ऑफिसात सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी म्हणायचे."

"नाव?"

नाव जिभेच्या टोकावर होतं. दोन्ही शब्द, आडनावासकट.

"आता कुठलं आठवतंय," तपासनीस म्हणाले. "तीसपेक्षा जास्त वर्षं झाली. राहू दे ना."

बाईंनी मान हलवली. मग गुरुवारी येणारी दुसरी प्रुफं त्यांनी बुधवारीच पिशवीतून काढली, लवकर झाली म्हणून. तपासनीसांनी ती चाळली. आता पहिल्या पानावरच नव्हे, चौदाव्या, सव्विसाव्या, चाळिसाव्या पानावर, जिथं जिथं त्यांचं नाव यायला हवं होतं तिथं तिथं मोकळी जागा होती. त्यांनी ड्रॉवरमधून फूटपट्टी काढली. प्रत्येक जागा मिलिमीटरपर्यंत सारखी. पुढचा एकही शब्द सरकलेला नव्हता.

"जरा हे वाक्य वाचून दाखवा," त्यांनी म्हटलं.

बाई वाचू लागल्या. "त्या वर्षी तपासणी विभागाची सूत्रं" इथपर्यंत आल्या आणि त्यांचे ओठ मिटले. डोळे ओळीवरून सरकत राहिले, मान किंचित हलत राहिली, जितका वेळ त्यांचं नाव वाचायला लागला असता बरोबर तितका वेळ. मग त्या म्हणाल्या, "यांच्याकडे आली." आणि वर पाहून हसल्या.

"ठीक वाटतंय ना, सर?"

३

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांच्याआधी पाच जण होते. काउंटरवरची मुलगी कागद बघून एकेकाचं नाव पुकारत होती. पाचवा आत गेला. तिनं सहावा कागद उचलला, तोंड उघडलं आणि काहीच न बोलता समोर बघत राहिली. बाकड्यावरच्या सगळ्यांनी माना वळवून इकडंतिकडं पाहिलं, एखाद्याचं नाव पुकारल्यावर बघतात तसं. तपासनीस उठायला हवे होते. पण काहीच ऐकू आलं नसताना उठायचं कसं? मुलीनं पुन्हा एकदा, जरा जोरात, तेच केलं. मग कागद बाजूला ठेवत म्हणाली, "नाहीत वाटतं," आणि सातव्याला पुकारलं.

ते डॉक्टरांना न भेटताच घरी आले. दाराच्या पाटीवर वर त्यांचं, मग बायकोचं, मग मुलीचं, अशी तीन नावं होती. वरची ओळ कोरी होती. पितळ गुळगुळीत होतं. त्यांनी अंगठा फिरवून पाहिला. खाच नव्हती, ओरखडा नव्हता. माणूस वयानं विसराळू होतो, चष्म्याचा नंबर वाढतो, कानही जातात. पण पितळ विसराळू होत नाही. या विचारापाशी त्यांची अक्कल थांबली.

आत मुलगी कामावरून येऊन टेकली होती; ती दात बनवायच्या लॅबमध्ये कामाला होती. त्यांना पाहून तिचे ओठ हलले. जेमतेम दोन अक्षरांएवढी शांतता पसरली, आणि मग ती म्हणाली, "चहा गार होतोय."

"काय म्हणालीस?"

"चहा गार होतोय."

"त्याच्याआधी."

"त्याच्याआधी कुठं काय?" मुलगी हसली. "तुम्हाला कान दाखवून घ्यायला हवेत."

तीस वर्षं तिनं त्यांना बाबा म्हटलं होतं. दिवसातून पन्नास वेळा, कधी लाडानं, कधी वैतागून. तो शब्द आता घरात नव्हता. त्याची जागा मात्र होती. बोलताना ती तेवढं थांबत होती. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, दार लावलंत का?" आणि त्या 'अहो'नं त्यांना इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

४

शुक्रवारी त्यांनी 'भुयार'ची कार्ट्रिज काढली. रेकॉर्ड-खोलीत ती पहिल्यापासून होती, हात मात्र त्यांनी लावला नव्हता. आता सांगायलाच हवं, कारण सांगणारं दुसरं कुणी नाही.

भुयारात एक छोटा माणूस जिन्यांनी खाली खाली जातो, तळाच्या खोलीतून दिवा उचलतो आणि त्याच खोलीतल्या दारानं वर येतो. धाकटीनं आपलं नाव त्या तळाच्या भिंतीवर कोरलं होतं. तपासनीसांना ते शेवटच्या दिवशी सापडलं. कारखान्याचा माणूस दारात उभा, मालकांचे निरोपावर निरोप. त्यांनी घाईत खण मोजले आणि पुसले. एक खण जास्त पुसला गेला. त्या खणात दार होतं.

मग घरोघरी तो छोटा माणूस तळाच्या खोलीत पोचला आणि तिथंच राहिला. मरतही नव्हता, बाहेरही येत नव्हता. यंत्र बंद करण्यावाचून इलाज नव्हता. मालकांनी सगळ्यांना उभं केलं. धाकटी म्हणाली, "मी दार लिहिलं होतं." तपासनीसांच्या खिशात तो कागद होता, त्यांच्या लाल पेन्सिलीच्या खुणेसकट. ते म्हणाले, "मी खेळ जसा आला तसा पुढे पाठवला."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त त्यांच्याकडे पाहिलं, टेबलावरचं आपलं पेन उचललं आणि गेली. या धंद्यात तिला पुन्हा कुणी दारात उभं केलं नाही. नऊ वर्षांनी भाड्याच्या एका खोलीत ती वारली. पेपरात दोन ओळी आल्या होत्या. तपासनीसांनी त्या वाचल्या, पेपराची घडी घातली आणि दाढी करायला गेले. त्या घडीचा हिशेब मागायला कुणी यावं, असं मला तरी फार वर्षं वाटत होतं.

टिंग-टाँग. त्यांनी जॉयस्टिक हातात घेतली. छोटा माणूस जिने उतरू लागला. बाहेर रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न होते, खिडकीतून ऊन थेट टेबलावर येत होतं, शेजारच्या खोलीत कुणीतरी फोनवर हसत होतं. सातवा जिना, आठवा, तळ.

खोलीत आधीच कुणीतरी होतं. बारा ठिपक्यांची आकृती ती, तिला चेहरा कुठला. पाठ करून भिंतीशी उभी होती. भिंतीवर, जिथं त्यांनी स्वतः रिकामे खण ठेवले होते तिथं, अक्षरं होती. तपासनीसांचं नाव होतं ते, अर्धं. डावीकडची अक्षरं गेली होती. ते बघत असतानाच आणखी एक गेलं. घाई नव्हती. मोजत मोजत, कुणी काळजीनं काम करावं तसं.

त्यांनी बटण दाबून यंत्र बंद केलं, वायर भिंतीतून उपटली. पडदा काळा झाला. काळ्या काचेत त्यांना खोली दिसली, खिडकी दिसली, आपली खुर्ची दिसली. खुर्चीत बसलेल्याच्या मागे कुणीतरी वाकून, त्यांच्या खांद्यावरून टेबलावरची प्रुफं वाचत होतं. त्यांनी मान वळवली नाही. वळवायची हिंमतच झाली नाही.

५

शनिवारी सकाळी बायकोनं स्वयंपाकघरातून थोडी शांतता पाठवली आणि मग म्हणाली, "दूध उतू जातंय, बघा जरा." 'अहो' गेलं होतं.

तपासनीस न्हाणीघरात जाऊन आरशासमोर उभे राहिले. स्वतःचं नाव म्हणून बघू, निदान ते तरी. तोंड उघडलं, जीभ हलली, आणि त्यांनी स्वतःलाच थांबलेलं पाहिलं, बरोबर तितका वेळ. ते बादलीच्या काठावर बसून रडले.

मग मात्र ते कागद घेऊन बसले. पण माणसाची खोड बघा. पहिल्यांदा लिहिलं, "तपासणी विभागाकडून तांत्रिक अनवधान झालं असण्याची शक्यता नाकारता येत नाही." वाचलं, आणि पाटी बघून आले. पाटी कोरीच. दुसऱ्यांदा लिहिलं, "संबंधित प्रोग्रामरवर कदाचित अन्याय झाला असावा." पाटी कोरीच. दुपारपर्यंत असे सात-आठ कागद झाले, आणि प्रत्येक कागदात ते स्वतःला वाचवायला कुठंतरी एक फट ठेवत होते. सव्वीस वर्षांचा सराव.

चार वाजता बाहेरून मुलीचा आवाज आला, "आई, या खुर्चीत कुणी बसतं का गं? पिशव्या ठेवते." आणि बायको म्हणाली, "कुणी नाही. पण ठेवू नकोस, असू दे तशीच."

तेव्हा त्यांनी सरळ लिहिलं. भुयाराचं दार धाकटीनं लिहिलं होतं. तिचं नाव लिहिलं, आडनावासकट. ते हातातून सहज उतरलं, जणू इतकी वर्षं बोटांतच होतं. ते दार मी पुसलं, मालकांपुढे मी खोटं बोललो, तिचं आयुष्य माझ्यामुळे नासलं. आणि खाली, श्वास रोखून, स्वतःचं नाव लिहायला घेतलं.

ते उमटलं. पूर्ण, ठळक, एकही अक्षर न गळता. ते मोठ्यानं हसले.

तसेच ते संपादकबाईंच्या घरी गेले. बाईंनी दार उघडलं, अनोळखी माणसाकडे बघतात तसं पाहिलं आणि म्हणाल्या, "आपण?" त्यांनी कागद पुढे केला. बाईंनी तो दारातच वाचला आणि शेवटचं नाव मोठ्यानं, स्पष्ट उच्चारूनच थांबल्या. बुधवारपासून चारच दिवस झाले होते, पण त्यांना तीन आठवडे वाटले होते; आपलं नाव माणसाच्या तोंडून ऐकून तपासनीसांनी हात जोडले.

"हे तुमच्याकडे कुणी दिलं?" बाईंनी विचारलं.

"मी लिहिलंय."

बाई थोडा वेळ थांबल्या, विनयानं, आणि मग जणू त्या वेळात काही घडलंच नाही अशा बोलल्या. "ज्यांनी पाठवलं त्यांना सांगा, शब्दाला शब्द छापू. त्या मुलीचं नाव पहिल्या पानावर घेऊ. एक ओळ रिकामी आहे तिथं."

परतताना तपासनीस स्वतःची समजूत घालत होते. छापून आलं की सगळं जागेवर येईल. अजून छापलं नाही म्हणून असं. खरं तर त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? कार्ट्रिज एकदा तयार झाली की आतलं काही बदलत नाही. पुसलेला खण पुसलेलाच राहतो.

६

पुस्तक महिन्यानं आलं. कुरिअरवाल्यानं मुलीच्या हातात दिलं. दरम्यान घर नीट चाललं होतं. दोघींना बोलताना मध्ये मध्ये थांबायची सवय झाली होती. तिसरं ताट वाढलं जाई, कुणासाठी हे कुणी विचारत नसे. जेवून झालं की उचललं जाई. तपासनीस त्यांच्या खुर्चीत बसत. पिशव्या तिथं कुणी ठेवत नव्हतं.

मुलगी पुस्तक घेऊन त्यांच्या समोरच्याच खुर्चीत बसली. पहिलं पान उघडलं. तिथं धाकटीचं नाव होतं, एकट्या ओळीत.

"कुणी पाठवलं असेल गं हे आपल्याला?" तिनं विचारलं.

"झेबू होती ना आपल्याकडे," बायको म्हणाली. "कुणी आणली होती ते आता आठवत नाही."

मुलगी पानं उलटत राहिली आणि 'भुयार'शी थांबली. वाचता वाचता तिचा चेहरा आक्रसला. मग तिनं ते मोठ्यानं वाचलं, सगळं, दार, खोटं, नासलेलं आयुष्य, आणि शेवटी नाव. ती कुठंही थांबली नाही.

"किती हलकट माणूस," ती म्हणाली. "आणि आडनाव आपलंच. कोण होता हा, आई?"

"मी," तपासनीस म्हणाले. "अगं, मी. इकडे बघ."

दोघी गप्प झाल्या. त्यांच्या बोलण्याएवढा वेळ त्या शांत बसल्या, मुलगी पानाकडे बघत, बायको हातातल्या कपाकडे. मग बायकोनं कप खाली ठेवला, पुस्तक स्वतःकडे ओढलं आणि चष्मा नाकावर सरकवला.

चाळीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. ते तिनं आता काढलं, बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत, परक्याचं नाव वाचतात तसं.

"नाही बाई," ती म्हणाली. "आपल्यापैकी कुणी नाही."